संस्थेचे नाव : होडी

सुरय या नदीकाठच्या पक्ष्याची संख्या झपाट्याने घटत असल्याबद्दल दर दोन वर्षांनी एक मोठी परिषद भरते आणि चिंता व्यक्त करते. मागची परिषद एका आलिशान हॉटेलात भरली होती. साडेतीनशे अभ्यासक विमानाने आले, थंडगार सभागृहात बसून त्यांनी चार दिवस तापमानवाढीवर चर्चा केली आणि विमानाने परत गेले. पुढे त्यांच्यातल्याच एकाने शोधनिबंध लिहून दाखवून दिले की, या परिषदेचा धूर हाच पक्ष्यांना एक धोका आहे. निबंध फार गाजला. तो वाचून दाखवण्यासाठी लेखकाला सहा देशांतून विमानाची तिकिटे आली.

तेव्हा यंदाच्या समितीने ठराव केला की परिषद काटकसरीची, पर्यावरणाला जपणारी आणि सर्वांना सामावून घेणारी असेल. काटकसर म्हणून ती थेट सुरयांच्या नदीकाठी भरवायचे ठरले. पर्यावरण म्हणून कागदाला बंदी आली. राहता राहिले सामावून घेणे. त्यासाठी कुणीतरी बाहेरचा माणूस हवा होता आणि समितीत सगळे आतलेच होते. बऱ्याच विचाराअंती कुणाला तरी नावाडी आठवला.

हा नावाडी लोकांना या तीरावरून त्या तीरावर सोडतो. नदीच्या मधोमध वाळूचे एक लांबट बेट आहे. पाणी ओसरले की सुरय तिथे येतात आणि उघड्या वाळूवरच अंडी घालतात. घरट्यासाठी काडीसुद्धा आणत नाहीत. अंडी वाळूच्याच रंगाची, नवख्याला पाय पडल्यावरच दिसणारी. नावाडी एकवीस वर्षे ती रोज सकाळी मोजतो आहे. मोजताना एक काठी डोक्याच्या वर उभी धरतो, कारण चिडलेला सुरय सगळ्यात उंच दिसेल त्यावर चोच मारतो आणि नावाड्याला टक्कल आहे. मोजायला त्याला कुणी सांगितले नव्हते. एका वर्षी सहज मोजली, पुढच्या वर्षी कमी भरली, तेव्हापासून त्याने एकही हंगाम चुकवलेला नाही. आकडे तो शाळेच्या वह्यांत लिहितो. त्या वह्यांच्या जिवावर आजवर चौदा जण डॉक्टर झाले. त्यांच्या प्रबंधांत नावाड्याला तळटीपेत जागा मिळाली आहे: ‘एका स्थानिक रहिवाशाशी झालेले बोलणे’.

निमंत्रण त्याच्या बायकोच्या मोबाइलवर आले, कारण त्याच्या मोबाइलला जलसमाधी मिळून दोन वर्षे झाली होती. ‘स्थानिक ज्ञानधारक’ या गटात त्याला बोलायला तीन मिनिटे दिली होती. प्रवेश शुल्क माफ होते. मात्र माफीसाठी सतरा रकान्यांचा अर्ज होता.

“संस्थेचं नाव विचारतायत,” बायको म्हणाली.

“मला कुठली आलीय संस्था?”

“रिकामं सोडलं तर पुढे सरकत नाही.”

“मग लिही होडी.”

तिने लिहिले. त्याबरोबर अर्जाने संस्थाप्रमुखाचे शिफारसपत्र मागितले. होडी बायकोने शिवणकामाच्या कमाईतून घेतलेली, मालकीण म्हणून नाव तिचेच. तिने पत्र लिहिले: ‘सदर कर्मचारी एकवीस वर्षे नियमित आहे. स्वभाव हट्टी. घरात कुणाचे ऐकत नाही, पण मोजण्यात चुकत नाही.’ समितीला इतके प्रामाणिक शिफारसपत्र यापूर्वी कधी आले नव्हते. अर्ज मंजूर झाला.

पहिल्या दिवशी गळ्यात ‘स्थानिक ज्ञानधारक, होडी’ असे ओळखपत्र अडकवून नावाडी मांडवात शिरला. परिषदेच्या सचिवबाई लगबगीने पुढे आल्या.

“काका, बरं झालं भेटलात! परवा सकाळी तुमची होडी लागणार. रोपं न्यायचीत.”

“कुठे?”

“बेटावर. आपल्या सगळ्यांच्या प्रवासाचा धूर भरून काढायचाय ना. माणशी दहा झाडं, म्हणजे साडेतीन हजार. उपग्रहाच्या चित्रात आम्ही सगळा परिसर बघितला. एवढी ओसाड जागा दुसरी नाही.”

“मॅडम, ओसाड आहे म्हणून तर सुरय तिथे येतो,” नावाडी म्हणाला. “आज दोनशे बारा ठिकाणी अंडी आहेत. अकरा दिवसांत पिल्लं निघतील. तेवढे दिवस बेटावर माणूस उतरता कामा नये.”

सचिवबाईंचा चेहरा खरोखरच गंभीर झाला. “हे फार महत्त्वाचं आहे. माझा विषय सुरयाचं स्थलांतर, अंडी दुसऱ्या गटाकडे आहेत. आणि आक्षेप नोंदवायची मुदत सहा महिन्यांपूर्वीच संपली.”

“तेव्हा अंडी नव्हती, मॅडम.”

“तेच ना. पण उद्या तुमची तीन मिनिटं आहेत. तिथे मांडा. त्यासाठीच तर तुम्हाला सामावून घेतलंय!”

नावाड्याने होडीत बसून तीन मिनिटांचे भाषण घोकले. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्याची ओळख करून देण्यात एक मिनिट पन्नास सेकंद घेतले. पुष्पगुच्छाला पर्यावरणाच्या कारणावरून बंदी असल्याने त्याला कुंडीतले रोप देण्यात आले. रोप आणि फोटो यांत चाळीस सेकंद गेले. उरलेल्या तीस सेकंदांत, कुंडी छातीशी धरून, नावाडी म्हणाला, “तुम्ही जिथे झाडं लावणार आहात तिथे सुरयाची अंडी आहेत. दोनशे बारा ठिकाणी. हात जोडतो, उद्या तिकडे जाऊ नका.”

सगळेच्या सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “या अत्यंत मौलिक भावनेची परिषदेने नोंद घेतली आहे.” आणि घंटा वाजली.

नावाडी तरंगतच घरी आला. एकवीस वर्षांत त्याच्या बोलण्यावर कुणी उभे राहिले नव्हते. होडीत उभे राहणाऱ्याला तर तो खाली बसवायचा.

“झाडं रद्द केली?” बायकोने विचारले.

“अगं, सगळे उभे राहिले!”

“ते ऐकलं. रद्द केली का, ते विचारतेय.”

नावाड्याने हातातली कुंडी खाली ठेवली. बायकोने शिवणाच्या टोपलीतून लाल चिंध्या काढल्या आणि समितीला निरोप धाडला की, संस्थाप्रमुख या नात्याने ती होडी देण्यास नकार देत आहे. मग दिवस मावळायच्या आत दोघे बेटावर गेली. दर घरट्याशेजारी एक काडी रोवून तिला लाल चिंधी बांधली, म्हणजे कुणी उतरलेच तर निदान पाय जपून टाकेल. दोनशे बारा काड्या. उद्या काठावर सगळ्यांच्या आधी पोहोचून काड्यांचा अर्थ सांगायचा, असे नावाड्याने ठरवले.

समितीने संस्थेच्या स्वायत्ततेचा आदर राखला आणि आठ मोटारबोटी मागवल्या. बोटींच्या धुराबद्दल यादीत आणखी नव्वद झाडे वाढवली.

सकाळी नावाडी खरोखरच सगळ्यांच्या आधी पोहोचला. पण त्याच्याही आधी कॅमेरा पोहोचला होता. सर्वांना सामावून घेण्यावर परिषद एक चित्रफीत काढत होती आणि तिच्यात घेण्याजोगा माणूस हा एकच होता.

“मला आधी त्यांच्याशी बोलायचंय,” नावाडी म्हणाला.

“दोनच मिनिटं, काका. सगळे ऐकतील तुमचं. फक्त नदीकडे पाठ करा, मागे बेट दिसलं पाहिजे.”

तो पाठ करून उभा राहिला. ‘बेटावर अंडी आहेत’ हे त्याने तीनदा सांगितले. पहिल्यांदा चेहऱ्यावर ऊन कमी पडले. दुसऱ्यांदा मागून मोटारबोटी गेल्या. तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करणारा कानाला हात लावून वैतागला, “ते पक्षी फार आवाज करतायत. पुन्हा घेऊ.”

तो आवाज नावाड्याने एकवीस वर्षांत ऐकला नव्हता. तो वळला.

“काका, इकडे बघा, इकडे!”

माईक तोडून तो होडीकडे धावला. होडी बेटाला लागली तेव्हा काम रंगात आले होते. जवळजवळ प्रत्येक लाल चिंधीपाशी, बरोबर काडीच्या मुळाशी, एकेक खड्डा खणलेला होता. अध्यक्षांनी धावत येऊन नावाड्याला मिठी मारली.

“काका, कमाल केलीत! नाही नाही म्हणता खड्ड्यांच्या खुणा करून ठेवल्यात. लोकसहभागाचा रकाना रिकामा राहतो की काय, याची चिंता होती मला.”

वर सुरय किंचाळत होते, खाली झेपावून डोक्यांवर चोची मारत होते, आणि अभ्यासक हसत हसत फोटो काढत होते. कितीतरी जणांनी हा पक्षी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला होता. नावाडी वाळूत मटकन बसला आणि रडला. रडून झाल्यावर, सवयीने, त्याने शाबूत राहिलेली घरटी मोजली. चार.

पावसाळ्यात नदीने बेट दरवर्षीप्रमाणे पोटात घेतले आणि झाडे वाहून गेली. पण तोवर ती यादीत चढली होती, त्यामुळे परिषद निर्धूर ठरली. चित्रफितीला बक्षीस मिळाले; तिच्यात नावाड्याच्या मागे, दूर, बरीच माणसे वाकून काही करताना दिसतात. सहा महिन्यांनी ‘सुरयांनी वसाहत अचानक का सोडली?’ हा शोधनिबंध आला. कारण अज्ञात असून अधिक अभ्यासाची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. आकडे अर्थातच नावाड्याच्या वहीतले. पुढची परिषद याच विषयावर आहे आणि या वेळी त्याला पाच मिनिटे मिळणार आहेत.

“काय कळवू?” बायकोने विचारले.

“संस्था बंद पडली म्हणून कळव,” नावाडी म्हणाला.

बेटावर आता मोजायला काही नाही. नावाडी होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत सांगतो. लोक पलीकडचा तीर येईपर्यंत मन लावून ऐकतात, “फार वाईट झालं हो,” म्हणतात आणि उतरून पायाची वाळू झटकतात. एक जण म्हणाला, हे कुणीतरी लिहायला हवे. म्हणून लिहिले. आपण इथवर वाचलेत. वाचून आपल्यालाही वाईट वाटले असल्यास, त्याची नोंद घेण्यात आली आहे.