पुरिंगला घरी नेताना

क्रिस्पुलोने बत्तीस वर्षं मनिला ते आतिमोनान बस चालवली आणि बत्तीस वर्षांत थांबा नसलेल्या जागी एकदाही गाडी उभी केली नाही. हे तो स्वतः सांगायचा, कुणी न विचारता सांगायचा. रस्त्यात डुकरं आली, लग्नाची मंडळी आली, एकदा तर खुद्द नगराध्यक्ष भर उन्हात हात हलवत उभे होते. गाडी पुढे! त्यामुळे मंगळवारी सकाळी साडेदहाला, मनिलाजवळ मारिकिनाच्या दफनभूमीत बायकोच्या कबरीवर शेवटची फुलं टाकताना त्याने जो बेत केला, तो त्याला अगदीच किरकोळ वाटला. मारिकिना ते आतिमोनान, साडेचार तास. सरळ घरी जायचं. मध्ये कुठेही उतरायचं नाही.

मयताहून कुणी थेट घरी जात नाही, हे त्यांच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. वाटेत कुठंतरी उतरायचं. दुकान, खानावळ, पेट्रोल पंप, काहीही चालतं. जमिनीला पाय लावायचे, कपडे झटकायचे, मग घर गाठायचं. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरी येतं. क्रिस्पुलोने ही रीत एकाहत्तर वर्षं पाळली होती. आज ती त्याला उलटी वापरायची होती. पुरिंगने मागोमाग घरी यावं, एवढंच त्याला हवं होतं.

कबर मारिकिनात झाली ती मुलीच्या इच्छेने. "बाबा, माझ्याजवळ राहू दे. दर रविवारी मेणबत्ती लावेन," असं मारिसेल म्हणाली, तेव्हा त्याने मान डोलावली होती. त्या दिवशी त्याला कुणीही काहीही विचारलं असतं, तरी त्याने मान डोलावलीच असती. मग रात्रभर जागून त्याने वाटणी केली. देह मुलीकडे, उरलेली पुरिंग माझ्याकडे.

बेताबद्दल तो कुणाला काही बोलला नाही. कारण गाडीत देल्फिना होती.

देल्फिना म्हणजे पुरिंगची धाकटी बहीण. कुठल्या दिवशी केर काढायचा नाही, शवपेटीवर अश्रू का पडू द्यायचा नाही, याबाबतीत पाद्रीसुद्धा तिला विचारून घेत. जावई जोनेल एरवी शाळेच्या मुलांना ने-आण करायचा, त्याच व्हॅनमधून गावाकडची मंडळी परत निघाली होती. जागा दहा, माणसं अकरा. आणि क्रिस्पुलोने दोन जागा अडवल्या होत्या. एकीवर तो. शेजारी, खिडकीजवळ, पुरिंगची तपकिरी पर्स.

"दाजी, ती पर्स मांडीवर घ्या की," देल्फिनाचा नवरा आम्बो म्हणाला. तो शंभर किलोचा होता आणि पाण्याच्या पिंपावर बसला होता.

"जागा आहे तिथं."

"कुणाची?"

"आहे."

आम्बोने देल्फिनाकडे पाहिलं. देल्फिनाने कपाळाला बोट लावलं. दुःखात माणसाचं असं होतं, असा त्याचा अर्थ. मग आम्बोने पर्स हळूच कडेला सारली आणि अर्धी मांडी त्या जागेवर टेकवली. क्रिस्पुलोचा जीव कासावीस झाला. पण बोलायची सोय नव्हती.

पहिला थांबा सान पाब्लोला. नारळाच्या मिठाईचं दुकान दिसलं आणि देल्फिना ओरडली, "जोनेल, थांब! चला, उतरा सगळे. झटका!"

सगळे उतरले. दुकानासमोर फूटपाथवर दहा माणसं काळे कपडे फटाफटा झटकू लागली, जणू मुंग्यांच्या वारुळावर बसून उठली होती. क्रिस्पुलो गाडीतच. त्याचा हिशेब पक्का होता. गाडी थांबली म्हणजे प्रवासी उतरला असं होत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"दाजी, उतरा!"

"पाय दुखतोय."

"मग एकच पाय लावा!"

"दोन्ही दुखतायत."

"बाबा, निदान हे तरी घ्या," म्हणून मारिसेलने शहाळं खिडकीतून आत दिलं. सकाळपासून बापाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ती समोर उभी राहून बघत होती. त्याने ते पूर्ण प्यायलं. तिने दुसरं दिलं. तेही प्यायलं.

बेतातली पहिली चूक ही!

तिआओंग येईपर्यंत त्याला कल्पना आली. कांदेलारिया येईपर्यंत खात्री पटली. एकाहत्तरीचं मूत्राशय हे काही बसच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. सारियायाच्या पेट्रोल पंपावर दुसरा थांबा झाला. समोर, वीस पावलांवर, निळ्या अक्षरांत 'पुरुष' लिहिलेला दरवाजा होता. क्रिस्पुलोने त्या दरवाजाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्याने तरुणपणी पुरिंगकडेही पाहिलं नसेल.

"दाजी, जाऊन या ना," आम्बो परत येऊन म्हणाला. चेहऱ्यावर नुसतं समाधान! "एकदम स्वच्छ आहे. साबणसुद्धा आहे."

"मला नाही लागलेली."

"घाम का आलाय मग?"

"उकडतंय."

"अहो, एसी चालू आहे!"

शेजारच्या सीटवरून नेनिता वळली. ती गावातली निवृत्त सुईण. पुरिंगची मैत्रीण. तिने क्रिस्पुलोचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. मांडीवर मांडी घट्ट आवळलेली, दात घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, प्रश्नाला एका शब्दात उत्तर. चाळीस वर्षं तिने फक्त बाळंतपणं केली होती, पण अशा वेळी ते कोण लक्षात घेतं?

"जोनेल," ती शांतपणे म्हणाली, "लुसेनाला हॉस्पिटल आहे. तिकडे घे. यांना झटका येतोय."

मारिसेल किंचाळली. आम्बोने घाईने मांडी काढून घेतली. देल्फिनाने जपमाळ काढली आणि आवाज चढवला. "सांगत होते, उतरा, पाय लावा! ऐकलं नाही! आता भोगा!"

"मला काही झालेलं नाही!" क्रिस्पुलो ओरडला.

"असंच म्हणतात," नेनिता म्हणाली. "हसून दाखवा."

"काय?"

"हसा! तोंड वाकडं होतंय का बघू दे."

बायकोला पुरून तीन तास झाले होते. मूत्राशय फुटायला आलं होतं. क्रिस्पुलो हसला. ते हसू बघून मारिसेल रडायलाच लागली.

जोनेलने व्हॅन अशी सोडली की आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या गाडी चालवण्यावर क्रिस्पुलोला काही बोलता आलं नाही. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या डोळ्यांपुढे संत दिसत होते. हॉस्पिटलच्या दारात व्हॅन थांबायच्या आत चाकाची खुर्ची घेऊन दोन वॉर्डबॉय हजर! एकाने पाय धरले, दुसऱ्याने काखेत हात घातले. क्रिस्पुलोने समोरच्या सीटला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"सोडा! सोडा मला!"

"आजोबा, आम्ही मदत करतोय."

"मला उतरवू नका! पाया पडतो, उतरवू नका!"

"बाबा, तुम्हाला त्रास होतोय!"

"त्रास नाही गं, लघवी लागलीये!"

सगळे थबकले.

"मग जा ना!" देल्फिना म्हणाली. "कोण अडवतंय?"

"उतरलो तर ती इथंच राहील."

"कोण राहील?"

क्रिस्पुलोने शेजारच्या जागेकडे पाहिलं. तपकिरी पर्स एका बाजूला कलंडली होती. "पुरिंग," तो म्हणाला. "तिला घरी न्यायचंय मला."

व्हॅन रिकामी झाली. दहा सेकंदांत! शंभर किलोचा आम्बो मागच्या खिडकीतून कसा बाहेर पडला, हे पुढे गावात कुणालाच सांगता आलं नाही. त्याला स्वतःलाही नाही. दोघा वॉर्डबॉयनी एकमेकांकडे पाहिलं आणि खुर्ची हळूहळू मागे ढकलत नेली.

सगळ्यांत आधी भानावर आली नेनिता. ती आत जाऊन रुग्णांना देतात तसलं प्लॅस्टिकचं भांडं घेऊन आली, क्रिस्पुलोच्या हातात दिलं आणि दार ओढून घेतलं. "सगळे पाठ करा," तिने फर्मान सोडलं. "आणि काहीतरी म्हणा. मोठ्याने!"

तेव्हा भर दुपारी, हॉस्पिटलच्या आवारात, काळ्या कपड्यातली माणसं एका शाळेच्या व्हॅनकडे पाठ करून रांगेत उभी राहिली आणि त्यांनी खड्या आवाजात प्रार्थना सुरू केली. रखवालदाराने टोपी काढली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने क्रूसाची खूण केली. प्रार्थना एकदा संपली. आतून काही खूण आली नाही. देल्फिनाने दुसऱ्यांदा सुरू केली. ती तिसऱ्यांदाही म्हणावी लागली.

मग दार किलकिलं झालं, भांडं बाहेर आलं आणि मारिसेल आत गेली. ती बापाच्या शेजारी बसली नाही. समोर, खाली, दोन सीटांमध्ये बसली.

"मला सांगायचं होतंत, बाबा."

"तू हसली असतीस."

"नसते हसले."

क्रिस्पुलो पर्सचा बंद सरळ करत बसला. "मारिकिनाच्या दवाखान्यात तीन महिने रोज विचारायची. घरी कधी जायचं? कोंबड्यांना कोण दाणे टाकतंय? मी म्हणायचो, शुक्रवारी नेतो. शुक्रवार आला की डॉक्टर काहीतरी सांगायचे, मग पुढचा शुक्रवार. शेवटी तर माझं ठरलं होतं गं. आम्बोला फोन करून घरी पाण्याचं पिंपसुद्धा भरून ठेवायला सांगितलं होतं." त्याने कलंडलेली पर्स उभी केली. "ती गुरुवारी गेली."

मारिसेलने त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. बाहेर आम्बो विचारत होता, "पण मी मांडी टेकवली होती, त्याचं काय होईल?"

त्याचं काय होईल, हाच आता मोठा प्रश्न होता. दोनदा झटकूनही सगळे पुन्हा पुरिंगच्याच गाडीत बसले होते. आता जो आपापल्या घरी जाईल, त्याच्या मागे ती जाणार. सगळ्यांनी देल्फिनाकडे पाहिलं. देल्फिना बराच वेळ जपमाळेचे मणी सरकवत राहिली.

"शेवटचा थांबा दाजींचं घर," ती म्हणाली. "तिथं उतरायचं. तिथं झटकायचं. कुणी आधी उतरायचं नाही." मग क्रिस्पुलोच्या खिडकीशी येऊन, दुसरीकडे बघत, "आणि तुम्ही जागेवरून हलू नका."

आतिमोनानला पोचेपर्यंत ती जागा कुणी मागितली नाही. आम्बो दीड तास दाराला धरून उभा होता आणि दर वळणावर पर्सकडे बघून "माफ कर, ताई" म्हणत होता.

घराचं दार क्रिस्पुलोने उघडलं आणि सताड उघडं धरून उभा राहिला. मग एकेकाने उंबऱ्याशी येऊन झटकायला सुरुवात केली. नेनिताने बाह्या झटकल्या. "जा गं आत. कोंबड्या ठीक आहेत, मी बघितल्यात." आम्बोने पँटची उजवी मांडी इतकी झटकली की शिवण उसवली. गाडीतून आलेले शेजारीपाजारीही झटकून गेले. क्रिस्पुलो प्रत्येकाला मान लववून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता, जसा दारातला माणूस लग्नात आहेर घेतो.

देल्फिना आली. तिने घागऱ्याला एक जोरदार हिसका दिला. "ताई, आत जा. माझ्यामागे येऊ नकोस, मला ब्लडप्रेशर आहे." दुसरा हिसका हळू बसला. तिसऱ्याला तिने घागऱ्याचा काठ नुसता हातात धरला आणि तशीच उभी राहिली. कुणी तिला घाई केली नाही. शेवटी तिने काठ सोडला, तळव्याने तीनदा सारखा केला आणि मागे न बघता फाटकाबाहेर गेली.

मारिसेल उरली. जोनेलला त्याच रात्री मारिकिना गाठायचं होतं. व्हॅन चालू होती.

"झटक गं पोरी!" देल्फिना फाटकाबाहेरून ओरडली.

मारिसेलने स्कर्ट दोन्ही मुठींत गच्च धरला. झटकला नाही. बापाला मिठी मारताना मुठी सोडल्या नाहीत. तशीच पाठमोरी झाली, भरल्या ताटाला धक्का लागू नये तशी एकेक पाऊल टाकत व्हॅनपाशी गेली आणि पुढच्या सीटवर जपून बसली.

क्रिस्पुलोने ते पाहिलं. ज्याच्यासाठी त्याने साडेचार तास सोसलं होतं, ते सगळं त्या दोन मुठींत चाललं होतं. तो दारातून निघाला आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेला.

"जोनेल," तो म्हणाला, "वाटेत कुठं थांबू नकोस. सरळ घरी."

"बाबा, साडेचार तास? आणि हिनं आत्ताच दोन ग्लास पाणी प्यायलंय!"

क्रिस्पुलोने मुलीकडे पाहिलं. तिच्या मुठी अजून मिटलेल्या होत्या.

"मग थांब एकदा," तो म्हणाला. "थांबेल ती. माझ्यासाठी तीन महिने थांबली."

जोनेल जरा विचारात पडला. "पण बाबा, ती थांबणारच होती, तर मग तुम्ही सकाळपासून..."

क्रिस्पुलोने व्हॅनच्या दारावर दोनदा थाप मारली.

"पुढे बघून चालव," तो म्हणाला.