विजेच्या गाडीची इंदुरावर स्वारी

श्रीमहाकालचरणी मस्तक ठेवून लिहिले जाते की, इंग्रज गेला, संस्थाने गेली, मध्यभारतही मोडून मध्यप्रदेश जाहला, आणि अशा धामधुमीत उज्जैनीच्या कॉलेजातील जयंतराव, बापूराव आणि अलकाबाई या विद्यार्थी वीरांनी मोडक्या जीपच्या पोटात लॉरीच्या बॅटऱ्या भरून, पेट्रोलाविना चालणारे वाहन कॉलेजच्या शेडमध्ये सिद्ध केले. मग प्राचार्य भय्यासाहेबांनी फर्माविले की, गाडी आपल्या विजेवर, कोणी ढकलण्यास हात न लावता, सूर्यास्तापूर्वी इंदुरी राजवाड्यापुढे आमचे नजरेस पडली तर शेड तुम्हांस बहाल. न पडली तर तेथे सायकल स्टँड होईल.

मसलत चोख होती. परंतु मुलगा इंदुरास जातो ही खबर आळीत फुटली, आणि जयंतरावांच्या मातुश्री अक्कासाहेबांचा हुकूम सुटला, "जातोच आहेस ना भैय्या, तर कुसुममावशीकडे ही लोणच्याची बरणी देऊन दे." मग शेजारून डिंकाचे लाडू आले, फ्रीगंज पेठेतून शिवणयंत्र आले, आणि एका आजोबांनी लेकीसाठी पाटा-वरवंटा धाडला. नाही म्हणण्याची रीत नसल्याने वीरांनी सर्व रसद चढविली आणि कूच केले.

वाटेतले सांवेर गाव मागे पडले, आणि इंदूर कोसावर राहिले असता एका चढावर गाडीने हाय खाल्ली. मागून बस आली. तिचा ड्रायव्हर मान बाहेर काढून वदला, "क्यों भिया, दहेज जा रहा है क्या?" आणि धूळ उडवून निघून गेला.

वजन घटविणे प्राप्त जाहले. बापूरावांनी लाडू भक्षण करण्याचा मनसुबा काढिला आणि तो बराचसा तडीस नेला, तेव्हा अलकाबाईंनी निवाडा दिला, "अरे गाढवा, पोट पण गाडीतच बसलंय ना!" रसद रस्त्यात टाकावी तर अक्कासाहेबांपुढे उभे कोणी राहावे? मग अंगाने हलक्या म्हणून अलकाबाई एकट्या स्टेअरिंगवर राहिल्या, जयंतरावांनी शिवणयंत्र डोईवर घेतले, बापूरावांनी पाटा, आणि गाडी हळूच हलली.

सूर्य टेकता टेकता गाडी राजवाड्यापुढे आली आणि तेथेच निजली. भय्यासाहेबांनी आकाश पाहिले, गाडी पाहिली, मग मागून घामाघूम येणारी फौज पाहिली, आणि पुसले, "हे काय रे?"

"सर, गाडीला कोणी हात नाही लावला," जयंतरावांनी अर्ज केला. "हात रिकामेच नव्हते."

भय्यासाहेबांनी हसू दाबून शेडची किल्ली त्यांचे हवाली केली. परतताना गाडीस बैल जुंपिले. परतीविषयी हुकुमात अक्षर नव्हते. येणेप्रमाणे इंदूर फत्ते होऊन शेड विद्यार्थ्यांकडे कायम जाहली, आणि सायकली पूर्ववत लिंबापाशी उन्हात राहिल्या.