काशी मिस्त्रीकडची माझी बंदूक

काशी मिस्त्री माणसाकडे दोन डोळ्यांनी पाहत नाही. समोर कोणी येऊन उभं राहिलं, की हाताशी असेल ती बंदुकीची नळी उचलतो, डावा डोळा मिटतो आणि नळीतून तुम्हाला न्याहाळतो. नळी दस्त्यापासून वेगळी काढलेली असते. तिच्यातून गोळीच काय, फुंकरसुद्धा सुटणार नाही. तरी पहिल्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवरच दोन्ही हात वर केले होते.

"हात खाली कर बाबू," नळीच्या पलीकडून आवाज आला. "गंज पाहून राहिलो."

गंज नळीत पाहत होता का माझ्यात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हिंमतीचं मी आधीच सांगून टाकतो. मी तुमसरकडच्या खेड्यातला. आठवीत शाळा सोडली. शाळा मला रागावली नव्हती, मीच गणिताला भिऊन पळालो. माझे मामा इथे भिलाईत गनमॅन होते. निवृत्त होताना त्यांनी आपली दोन नळीची बारा बोर माझ्या नावावर करून दिली. लायसनसाठी पोलीस गावात चौकशीला गेले, तेव्हा माझ्या दोन जुन्या गुरुजींनी सांगितलं म्हणे, "पोरगा लय भित्रा हाय. याच्या हाती बंदूक द्याले काहीच हरकत नाही." त्या दोघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. त्यांच्यामुळेच मी आज एका बँकेच्या दारात उभा असतो, आणि बायकोपोरीला गावी सांगता येतं, की आमचा माणूस भिलाईत गनमॅन आहे.

तर राखी झाली आणि बंदुकीच्या उजव्या नळीचा घोडा अडकायला लागला. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. कॅम्प-१ वस्तीत, समोसेवाल्याच्या बाजूला, काशी मिस्त्री. हात सोन्याचा. पुढचं कोणी सांगितलं नाही.

मिस्त्रीनं बंदूक घेतली. जाड रजिस्टरात तिचा नंबर, माझं नाव, लायसनचा नंबर, सगळं एखाद्या हेडमास्तरासारखं सावकाश लिहिलं. मला पावती दिली. पावतीवर 'काम' या रकान्यात होतं, 'पाहू'. 'तारीख' या रकान्यात, 'होईल तवा'.

"काकाजी, होईल तवा म्हणजे कवा?"

मिस्त्रीनं नळी उचलली, डोळा मिटला. "घाई कोणाले हाय? बंदुकीले तं नाही."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. मिस्त्रीकडे मोबाइल आहे, पण तो जुन्या काडतुसांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला असतो. वाजला की डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतो. मिस्त्री डब्याकडे पाहतो आणि पुन्हा कानस चालवायला लागतो.

"उचला ना काकाजी. कोणाचं तरी अर्जंट असन."

"गिऱ्हाइकाचा फोन हाय. त्याले बोलाचं असन तं येईन तो दुकानात."

म्हणून मी दुकानात जायचो. रोज. ड्युटी सुटली की खोलीवर न जाता सरळ कॅम्प-१. आणि गंमत अशी, की बंदूक सोडून मिस्त्री सगळं बोलायचा. तो मूळचा साकोलीचा. बाप इथल्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर आला तेव्हा हा कडेवर होता. मला पाहिलं की समोसेवाल्याला दोन बोटं दाखवायचा, म्हणजे दोन चहा, आणि सुरू व्हायचा.

"का रे बाबू, धान निसवलं का तुमच्याकडचं?"

"निसवून राहिलं म्हणते बायको."

"वैनगंगेले पूर होता का यंदा?"

"होता, पण गावात नाही आला. काकाजी, बंदूक..."

लगेच नळी वर, डोळा बंद. बंदूक हा शब्द सोडला तर त्याचे कान एकदम साफ होते. माझ्या पोरीला दात आला ते त्याला माझ्या आईच्या आधी कळलं. भिमाल्या माशाचा रस्सा कसा करावा यावर त्यानं माझी एक आख्खी संध्याकाळ घेतली.

"घरी करता का मंग?" मी विचारलं.

"घरी कोण खाते? पोरानं रायपूरची सून आणली, ती हिंदीवाली, नातू इंग्लिश शाळेत. वैशाली नगरात मोठं घर हाय, सगळे लय चांगले हायत. पण घरी मी हिंदीत जेवतो." असं म्हणून तो स्वतःच हसला. मीही हसलो. विनोद चांगला होता.

इकडे बँकेत माझं हसू होत होतं. खांद्यावर बंदूक नाही, पण सवयीनं उजवा हात पट्टा धरल्यासारखा छातीशी आवळलेला. पेन्शन न्यायला येणारे म्हातारे विचारायचे, "का भैया, हाथ में लग गया क्या?" एजन्सीचे सुपरवायझर साहेब भले माणूस. त्यांनी मला आतल्या दाराशी उभं केलं, म्हणजे कोणाच्या नजरेत येणार नाही. पण दसरा झाला तेव्हा त्यांचाही धीर सुटला.

"बिना बंदूक का गनमॅन मतलब बिना घंटी का मंदिर," साहेब म्हणाले. "धनतेरस तक बंदूक ले आ. नहीं तो गोदाम के गेट पे लाठी लेके खड़ा करूंगा. दूसरा आदमी तैयार है मेरे पास."

काठी वाईट नसते. पण मी गावी काय सांगणार होतो? मामांना काय सांगणार होतो? मी साहेबांचे आभार मानले आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मला जवळच्या उतई गावचे दोन भाऊ भेटले. दोघं एकाच मोटारसायकलवर आले आणि एका सुरात मिस्त्रीला शिव्या देऊन गेले. शेतात रानडुकरं येतात म्हणून त्यांच्या घरी बंदूक, आणि ती मिस्त्रीकडे तीन वर्षांपासून पडलेली.

ते गेल्यावर समोसेवाल्यानं मला हळूच सांगितलं, "तीन साल पहले बड़ा वाला अकेला आया था. बोल रहा था, जल्दी ठीक कर दो, छोटे भाई को मेड़ पे देख लूंगा. मिस्त्री बोला, स्प्रिंग कलकत्ते से आएगी."

तीन वर्षं कलकत्त्याहून स्प्रिंग येत होती. तेवढ्या काळात भावांचं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण मिटलं, आणि दोघा भावांचं निदान एका गोष्टीवर एकमत झालं, की हा मिस्त्री बेकार आहे. पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं त्यांना बंदूक देऊन टाकली. "स्प्रिंग आली," एवढंच म्हणाला.

मला त्याच्याबद्दल आदर वाटला, आणि काळजी दुप्पट झाली. माझी का अडवली असेल? माझा तर कोणी वैरी नाही. खूप आठवून पाहिलं. माझं भांडण फक्त मेसच्या डाळीशी होतं, आणि तेही मनातल्या मनात.

"काकाजी, माझं कोणाशी वाकडं नाही हो," मी एका संध्याकाळी न विचारता सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," मिस्त्री म्हणाला. "चहा घे."

धनत्रयोदशी आली. साहेबांनी सकाळीच आठवण करून दिली. मी दुपारची सुट्टी मागून दुकानात गेलो. समोसेवाल्यानं झेंडूची माळ लावली होती. मिस्त्री अवजारं पूजेला मांडत होता. मला पाहताच त्यानं दोन बोटं वर केली.

"ये बाबू. घरी जाऊन राहिला का दिवाळीले? पोरीले फ्रॉक घेतला का?"

का कोण जाणे, त्या फ्रॉकच्या शब्दावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. फ्रॉक घेऊन, काठीवाला होऊन गावी जायचं होतं मला. मोठ्या माणसाशी भांडायची मला सवय नाही. भांडायचं म्हटलं की तोंडात आपोआप साहेबांची भाषा येते. बँकेत, ठाण्यात, एजन्सीत, जिथे परक्याशी काम, तिथे हिंदी. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "मिस्त्रीजी, हमारी बंदूक वापस कीजिए. हमको आज ही चाहिए. आप रोज घुमाते हैं."

मिस्त्रीचा हात नळीकडे गेला होता. तो तिथेच थांबला. आणि त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. डावा डोळा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. पाणी भरलेला, म्हाताऱ्या माणसाचा साधा डोळा होता.

तो उठला. लोखंडी कपाट उघडलं. बंदूक समोर आणून ठेवली. रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं.

"देख लीजिए," मिस्त्री म्हणाला. "यहां साइन कर दीजिए."

मी घोडा चढवून पाहिला. लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला. दस्ता चमकत होता, पट्टासुद्धा नवीन धाग्यानं शिवलेला. कोणीतरी तिला रोज तेल लावत असावं. नळीला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली होती, मिस्त्रीच्या त्याच हेडमास्तरी अक्षरात. 'तान्हा पोळा. तयार.'

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो सण, आमच्याकडे लहान पोरं लाकडाचे बैल घेऊन घरोघरी जातात. आता दिवाळी होती. एवढे दिवस माझी बंदूक तयार होऊन कपाटात उभी होती, आणि मी रोज तिची चौकशी करायला येऊन धान, वैनगंगा आणि भिमाल्या माशाचा रस्सा बोलून जात होतो.

समोसेवाल्याकडून दोन चहा आले. मिस्त्रीनं एक माझ्याकडे सरकवला, दुसरा हातात घेतला नाही. अवजारं पुसायला लागला.

मी सही केली. बंदूक खांद्याला लावली. पायरीपर्यंत गेलो. आता मला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि माफी मागायची तर ती कोणत्या भाषेत, हाही प्रश्न होता. मग मी परत फिरलो, पट्टा बंदुकीवरून काढला आणि त्याच्या अवजारांच्या बाजूला ठेवला.

"काकाजी, हा पट्टा पाहा ना जरा. शिवण उसवून राहिली."

मिस्त्रीनं पट्टा उचलला. आपणच शिवलेली शिवण अंगठ्यानं इकडून तिकडे चाचपली. एक टाका हलला नाही.

"घाई हाय का?" त्यानं विचारलं.

"घाई कोणाले हाय?" मी म्हणालो, आणि थंड झालेला चहा घेतला.

त्यानं रजिस्टर ओढलं. 'काम' या रकान्यात लिहिलं, 'पाहू'.

दिवाळी झाली, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले. बँकेच्या दारात मी बंदूक नायलॉनच्या दोरीनं खांद्याला अडकवून उभा असतो. सुपरवायझर साहेब येतात तेव्हा विचारतात, "अबे, इसका पट्टा कहां है?"

"रिपेअर में है साहब. स्प्रिंग कलकत्ते से आएगी."

पट्ट्याला स्प्रिंग कुठे असते, हे साहेबांनी अजून विचारलेलं नाही. भले माणूस आहेत. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.