बरं झालेलं मशीन

"मशीन कितीबी आवडलं तरी तोंड वाकडंच ठेवायचं," मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून इंद्रजितच्या मित्रानं, संदेशनं, पुन्हा एकदा बजावलं. "सुप्याच्या बाजारात म्हशीकडं बघून हसलास, तवाच गडी भाव चढवून बसला. ध्यानात हाय ना?"

"हाय," इंद्रजित म्हणाला. बारामती मागं पडली होती, भिगवण जवळ येत होतं.

इंद्रजित लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर होता. सुट्टीच्या दिवशी तो कऱ्हाटीच्या भजनी मंडळात आणि पाहुण्यारावळ्यांच्या हळदीत कीबोर्ड वाजवायचा. त्या कीबोर्डच्या निम्म्या पट्ट्यांनी राम म्हटला होता. तेव्हा एखादा जुना, पण खरा सिंथेसायझर घ्यावा असं त्याच्या मनानं उन्हाळ्यापासून घेतलं होतं. हवा तसा आवाज बटणं फिरवून तयार करता येतो असलं मशीन. पण घ्यावा की घेऊ नये, हे काही ठरत नव्हतं. मोबाईलवर फोटो बघायचे, रात्री 'घेऊया' म्हणायचं आणि सकाळी 'राहू दे' म्हणायचं, असं चाललं होतं. शेवटी त्याची बायको रेश्मा म्हणाली होती, "घ्यायचं तर घ्या, न्हाय तर सोडा. पण जेवताना त्याचं नाव काढू नका. भाजीची चव जाती."

आता मात्र टाळता येत नव्हतं. रेश्माच्या भावाची मुलगी छकुली, तिची हळद शुक्रवारी होती. सासुरवाडीत बैठक बसली असताना इंद्रजितच्या तोंडून निघून गेलं होतं, "हळदीला मी माझं नवं मशीन घेऊन येतो." सासऱ्यांनी ते चार लोकांना सांगितलं. त्या चार लोकांनी गावाला सांगितलं.

मशीन दादासोंचं होतं. भिगवणला हायवेच्या कडेला त्यांची मच्छीची खानावळ होती. पूर्वी त्यांची हळदीत वाजवणाऱ्यांची पार्टी होती. ती मोडली आणि मशीन खानावळीच्या मागच्या खोलीत येऊन पडलं. खोलीत कांद्याच्या पिशव्या, तेलाचे डबे, कोपऱ्यात एक इन्व्हर्टर आणि मधोमध स्टँडवर ते काळं मशीन. त्याचे बारके लाल दिवे आधीच लागलेले होते.

"चालूच ठेवलंय व्हय?" संदेशनं विचारलं.

"गरम असलं म्हंजी सूर बरा लागतो," दादासो घाईनं म्हणाले. "बंद करायचं न्हाय. पट्ट्या वाजवा, बाकी कशाला हात लावू नका. हे ऐका."

त्यांनी एक बटण दाबून डावीकडच्या पट्टीवर बोट मारलं आणि खोलीत हलगी कडाडली. खरीखुरी. कातडं विस्तवावर तापवून, काडीनं वाजवल्यासारखी. इंद्रजितच्या अंगावर काटा आला. तोंड वाकडं ठेवायचं म्हणून त्यानं ओठ इतके आवळले की दादासोंनी विचारलं, "दाढ दुखतीया का पावनं?"

"न्हाय. जरा बारीक वाटला आवाज," इंद्रजित म्हणाला. त्याची त्यालाच लाज वाटली.

संदेशला समोरच्या बाजूनं तळलेल्या माशाचा वास आला होता. "तू निवांत बघ, मी जरा जेवनाचं बघतो," म्हणून तो सटकला. तेवढ्यात दारात एक ट्रॅव्हल्स उभी राहिली आणि दादासोंच्या बायकोनं, संजीवनीनं, गल्ल्यावरून हाक मारली. "अवो, हिकडं या. गाडी आलीया." दादासो जाता जाता वळून म्हणाले, "वाजवा तुमी. फकस्त बंद करू नका."

इंद्रजित एकटा उरला. त्यानं एक तुकडा वाजवला, दुसरा वाजवला. मग मशीन लांबून कसं दिसतंय ते बघायला दोन पावलं मागं सरला. पायात काहीतरी गुरफटलं. कोपऱ्यात 'टक्' असा आवाज झाला आणि सगळे लाल दिवे गेले.

वायर होती. पिन इन्व्हर्टरमधून निघून जमिनीवर पडली होती. इंद्रजितनं ती उचलली, समोर दिसलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसली आणि बटण दाबलं. दिवे लागले. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं हलगीच्या पट्टीवर बोट ठेवलं.

मशीननं शिट्टी मारली. बारीक, लांबलचक, कुकरसारखी.

दुसरं बटण दाबलं, तीच शिट्टी. तिसरं, तीच. हलगी, ढोलकी, सनई, सगळं पुसून गेलं होतं. चालू मशीनची पिन आपण उडवली आणि माणसाचं वर्षानुवर्षांचं सामान आपण मातीत घातलं, असं इंद्रजितला वाटलं. बाहेरून दादासोंचा आवाज येत होता, "दोन चिलापी, एक मरळ." अजून थोडा वेळ होता.

इंद्रजितनं बटणं फिरवायला सुरुवात केली. कुठलं कशाचं, हे त्याला अंदाजानंच माहीत होतं. एक फिरवलं तर शिट्टी जाड झाली. दुसरं फिरवलं तर ती मध्येच तुटली. तिसऱ्यानं तिला खरखर आली. तो घाईत होता, घाबरलेला होता, आणि कदाचित म्हणूनच त्याचे हात विचार न करता चालले होते. विचार करायला वेळच नव्हता. शिट्टीचा ठोका झाला, ठोक्याला कातडं आलं, कातड्याला काडी आली. त्यानं आणखी एक बटण केसभर सरकवलं, पट्टीवर बोट मारलं, आणि हलगी कडाडली.

मघाचीच. कदाचित मघापेक्षा थोडी जास्तच बरी.

मागं चपला वाजल्या. दादासो हात पुसत आत आले. इंद्रजित त्यांच्याकडं वळला आणि तोंड वाकडं करायचं विसरून म्हणाला, "मी घेतो. आत्ताच घेतो. बांधा."

दादासोंचा चेहरा उजळला. "मग बांधतोच," असं म्हणून ते पोतं शोधायला वाकले. दोघांनाही एवढी घाई झालेली होती की भावाचा विषयच निघाला नाही. पण वाकल्यावर दादासोंना इन्व्हर्टर दिसला, आणि त्यातली पिन गायब दिसली.

"पिन कुणी काढली?"

इंद्रजितनं भिंतीवरच्या सॉकेटकडं बोट दाखवलं. "पायात आली वायर."

"म्हंजी मशीन बंद पडलं?"

"जरासं."

दादासो तसेच उठले आणि दबकत मशीनपाशी गेले, जणू आत साप बसलाय. त्यांनी डावीकडच्या पट्टीवर बोट टेकवलं. हलगी कडाडली. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा कडाडली. दुसरं बटण दाबलं असतं तर शिट्टी ऐकू आली असती. पण दादासोंनी ते दाबलं नाही. ते दाराकडं तोंड करून म्हणाले, "अगं संजीवनी, हिकडं ये. बरं झालं हे."

"कोण आजारी हुतं?" संजीवनी हातात उलथनं घेऊनच आली.

"मशीन. बंद पडून पुन्यांदा चालू झालं, तरी हलगी हाय तशी हाय. विसरलं न्हाय." आनंदाच्या भरात दादासोंना समोर गिऱ्हाईक उभं आहे याचं भान उरलं नाही. "दोन वर्सं झाली बघा पावनं, बंद केलं की सगळं विसरायचं. एक भाद्दर माणूस पुण्यावनं आवाज भरून द्यायचा, त्यो गेला परदेशात. म्हणून तर इन्व्हर्टरवर रात्रंदिस चालू ठेवलं. म्हणून तर विकायला काढलं."

इंद्रजितला ते उमगायला थोडा वेळ लागला. म्हणजे आपण काही मोडलं नव्हतं. हा माणूस मोडकं मशीन आपल्या गळ्यात बांधत होता. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि त्या जागी राग चढू लागला. पण तो राग तोंडापर्यंत यायच्या आतच दादासो म्हणाले, "आता न्हाय विकायचं."

दारात संदेश उभा होता, बोटं चाटत. त्यानं शेवटचं तेवढं ऐकलं होतं. "म्हंजी फसवत हुता व्हय आमाला?"

"फसवणार हुतो," दादासो शांतपणे म्हणाले. "पण आता विकतच न्हाय म्हटल्यावर फसवलं कुठं?"

संदेशनं बोटं पँटीला पुसली. दादासोंनी तोवर मोबाईल काढला होता. जुन्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याला ते सांगत होते की मशीन बरं झालंय, पार्टी पुन्हा उभी करायची, आणि शुक्रवारी इंदापूरला एका नवरदेवाची हळद आहे ती आपणच घ्यायची, त्याचा बाप केव्हाचा मागं लागलाय.

मोटारसायकलला किल्ली लावून इंद्रजित तसाच बसून राहिला.

"चल की," संदेश म्हणाला. "सुटलास. देवानं वाचवलं."

खरंच सुटला होता. काय झालं हे एकट्या त्यालाच माहीत होतं. पण शुक्रवारी इंदापूरला मांडवात नवरदेवाला पाटावर बसवतील, बायका हळदीची वाटी घेऊन उभ्या राहतील, दादासो मोठ्या दिमाखात बटण दाबतील, आणि दीड-दोन हजार माणसांत कुकरची शिट्टी होईल. माणूस लबाड होता हे खरं. पण मघाशी "बरं झालं हे" म्हणताना त्याचा चेहरा मुलगा पास झालेल्या बापासारखा दिसत होता. इंद्रजितनं किल्ली काढली.

"आता काय राह्यलं?" संदेशनं विचारलं.

इंद्रजित गाडीवरून उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काहीतरी पक्कं ठरलं होतं, आणि बोललं तर ते फिसकटेल अशी त्याला भीती वाटत होती. तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि दादासोंच्या डोळ्यांदेखत त्यानं पिन उपटली. मग परत लावली. "आता वाजवा."

दादासोंनी वाजवलं. शिट्टी झाली.

"ते बरं झालंच नव्हतं," इंद्रजित म्हणाला. "मघाशी बी विसरलं हुतं. हलगी मी बनवली. बटणं फिरवून. तुमी यायच्या आत."

बाहेर कढईत मासा चुरचुरत होता.

"तुमी बनवली," दादासो म्हणाले.

"व्हय."

"एवढ्यात?"

"व्हय."

"मग बनवा पुन्यांदा."

इंद्रजित पुढं झाला. त्यानं एक बटण फिरवलं. शिट्टी जाड झाली. दुसरं फिरवलं. आवाज बेडकासारखा आला. तिसरं फिरवलं तर बेडूक मोठा झाला. त्याला आठवेना. मघाशी हात आपोआप चालले होते. आता दादासो, संजीवनी आणि मागोमाग आलेला संदेश, अशी तीन माणसं हाताकडं टक लावून बघत होती. कपाळावरचा घाम मशीनवर टपकला. ठोका येई तर कातडं येईना, कातडं येई तर ते भिजलेलं लागे. बऱ्याच वेळानं तो थांबला, तेव्हा मशीन म्हशीसारखं हंबरत होतं.

"पावनं," दादासोंचा आवाज बारीक झाला होता, "चांगलं बरं झालेलं मशीन. माझ्या डोळ्यांसमोर पिन उपटून मारलं तुमी. आन् वर गोष्टी सांगताय."

"खरं सांगतोय वो मी."

"खरं सांगनारा माणूस आधी सांगतो."

संदेश मध्ये पडून काही बोलणार होता, पण संजीवनीनं उलथनं आडवं धरलं.

"ह्ये खरं बोलत्यात का तुमी, ते मला म्हाईत न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "दोघंबी सकाळपासनं खोटंच बोलताय. मला एवढंच कळतंय, पिन ह्यांनी काढली. मशीन ह्यांनी न्यावं. मागनार हुता त्याच्या निम्म्यात द्या आन् माझी कांद्याची खोली मोकळी करा."

दादासोंनी इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजितनं मशीनकडं. मग दोघांनी मिळून ते पोत्यात घातलं. ढोलकीवाल्याला परत फोन करायला दादासो अंगणात गेले, तेव्हा त्यांचे खांदे पडलेले होते. इंद्रजितला जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो ठेवायला आपण कोण, हे त्याला कळेना.

परतीच्या वाटेवर मशीन दोघांच्या मध्ये होतं. बारामती आली तेव्हा संदेश मशीनच्या आडून पुढं वाकला. मग एवढंच म्हणाला, "मासा चांगला हुता पर."

घरी रेश्मानं दारातच विचारलं, "घेतलं?"

"घ्यावं लागलं," इंद्रजित म्हणाला आणि सगळं सांगितलं, अगदी शिट्टीपासून म्हशीपर्यंत. ती भांडेल म्हणून तो तयारीत बसला होता. ती भांडली नाही. चटईवर बसली आणि म्हणाली, "लावा बघू. कशी हंबरती ते तरी कळू द्या."

त्यानं लावलं. बटणं फिरवली. बेडूक आला. कुकर आला. रेश्मा भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत होती. एकदा म्हणाली, "ह्ये न्हाय." पुन्हा म्हणाली, "ह्येबी न्हाय. मागलं बरं हुतं, त्ये दुसरं बटण एवढं फिरवायचं न्हाय." इंद्रजितला तिचं बोलणं रुचलं नाही, पण दुसरं बटण त्यानं मागं घेतलं आणि ठोक्याला कातडं आलं. त्यानं चमकून तिच्याकडं बघितलं. तिनं पिठाचा हात पदराला पुसला. "सरका जरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याची पहिली पाळी होती. दुपारी तो दमून घरी आला तर चूल थंड. रेश्मा मशीनपुढं मांडी घालून बसलेली, मान तिरकी, एक डोळा मिटलेला. हलगी तर कधीच झाली होती. ढोलकीही झाली होती. मशीनच्या कडेला तिनं प्रत्येक बटणाजवळ हलगीसाठी कुंकवाचा आणि ढोलकीसाठी हळदीचा ठिपका लावला होता, कुठपर्यंत फिरवायचं त्याचा. आता कितीही वेळा लाईट जावो.

"चहा?" इंद्रजितनं विचारलं.

"तुमीच टाका," रेश्मा मान न वळवता म्हणाली. "माझाबी टाका. आन् भांडी वाजवू नका जरा, सनई येतीया."