डबाबंद बस

धाकट्या जावयाला या सगळ्यातून मिळणार होता तो फक्त एक कप्पा. सासऱ्यांच्या काचेच्या कपाटातला मधला, दारातून येणाऱ्याची नजर आधी जिथं पडते तो. पूर्वी तिथं त्याचा बॅडमिंटनचा चषक असायचा. हल्ली तिथं थोरल्या जावयाची बस होती आणि चषक खाली, रक्तदाबाच्या यंत्रामागं.

बस म्हणजे महायुद्धानंतरच्या एका जर्मन बसची वीतभर प्रतिकृती. लाल-पांढरी, गोल नाकाची, छताच्या कडेलासुद्धा खिडक्या. अर्थात हे सगळं डब्यावरच्या चित्रावरून. प्रत्यक्ष बस कुणीच पाहिली नव्हती, कारण डब्याची मूळ चिकटपट्टी फुटली की संग्राहकांच्या लेखी बस भंगारात जमा. न पाहिलेल्या बसचं कौतुक थोरले मान तुकवून स्वीकारत, आणि दुखे मात्र धाकट्याच्या पोटात.

"आत बस आहे कशावरून?" एका रविवारी चहा पिता पिता त्यानं पिल्लू सोडलं.

"म्हणजे काय? डब्यावर चित्र आहे की!" थोरले म्हणाले.

"चित्र साबणावर नटीचंही असतं, साडूभाऊ. ती निघते का आतून?"

सासरे खो खो हसले, म्हणजे अर्धा कप्पा आलाच. धाकट्यानं डबा कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही. जोरात हलवला, तरी नाही. मग खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा घुसळला, तेव्हा आत खुट्ट झालं आणि पाठोपाठ खडखड.

"ऐका! बस अशी वाजते? खडा भरलाय आत!"

थोरल्यांचा चेहरा उतरला. डबा उघडावा तर बस गेली, न उघडावा तर अब्रू. तोड काढली ती सासूबाईंनी. धाकट्याला म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही दवाखान्यात एक्स-रेच काढता ना? मग काढा की याचा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जेवायला गेल्यावर थोरले बाहेरच्या बाकावर पेशंटच्या नातेवाइकासारखे बसले. आत धाकट्यानं सवयीनं डब्याला "श्वास रोखा" म्हणून सांगितलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर बस उमटली. खिडक्यांच्या ओळी, बाकं, एवढंसं स्टिअरिंग. जळणं विसरून तो क्षणभर बघतच राहिला. मग कोपऱ्यात पडलेलं चाक दिसलं. चारांतलं एक. ते कुणी निखळवलं याला अख्खं सासर साक्षीदार होतं.

"काय आहे हो?" बाहेरून कापरा आवाज आला.

"बस आहे."

"धडधाकट?"

"एकदम."

"मग वाजतं ते काय?"

धाकट्यानं पडद्यावरच्या चाकाकडं पाहिलं. "ते होय... जादाचं चाक. स्टेपनी. सुटीच ठेवलीय."

थोरले ताडकन उठून आत आले. "स्टेपनी? अहो, या बसबरोबर स्टेपनी आल्याचं कुणी ऐकलेलं नाही! फिल्म द्या!"

"फिल्म फक्त पेशंटला मिळते," म्हणत धाकट्यानं घाईघाईनं पडदा बंद केला.

"राहू दे! तुमचा शब्द पुरे." थोरल्यांनी त्याला मिठीच मारली. "आणि मी समजत होतो, तुम्ही जळता माझ्यावर."

बातमी संग्राहकांत पसरली. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या बाकावर तीच बस, तसाच बंद डबा मांडीवर घेतलेली माणसं दिसू लागली. "आमच्यात बघा ना, स्टेपनी आहे का?" कुणाच्यातच नव्हती. हे प्रत्येकाला धाकट्यानंच सांगायचं, आणि दर नकारागणिक थोरल्यांची बस आणखी दुर्मीळ व्हायची.

"अडकली असेल कुठंतरी," एक जण म्हणाला. "जरा हलवून बघू?"

"हलवू नका!" धाकटा एवढ्यानं ओरडला की शेजारचा प्लास्टरवाला दचकला.

सासऱ्यांनी मधल्या कप्प्यात दिवा बसवून घेतला. पाहुणे आले की ते धाकट्याला पुढं करतात. "तुम्हीच सांगा, जावईबापू. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय ती तुम्हीच."

हिशेब मिटला तो असा. थोरल्यांना मान मिळाला, सासऱ्यांना मिरवायला नवल. बसनं एक चाक गमावलं, पण ते सगळ्यांनी जमेच्या बाजूला धरलं. भरपाई एकटा धाकटा करतो, तीही उभ्यानं, हसतमुखानं, दर पाहुण्याला नव्यानं.