दोन्ही बाजूंना भूल

पेशंटच्या तोंडात कापूस गेला की दातांच्या डॉक्टरांचं राजकारण सुरू व्हायचं आणि कापूस निघाला की थांबायचं. घरी बायको त्यांना दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नसे. निम्मे मित्र सत्ताधाऱ्यांच्या बाजूला गेल्यापासून गप्पांतही राम उरला नव्हता. वर्तमानपत्रं त्यांची पत्रं छापत नव्हती. राहता राहिला तो खुर्चीत आडवा पडलेला, आ वासून छताकडे बघणारा पेशंट. इतका सहनशील श्रोता दुसरीकडे कुठे मिळणार?

डॉक्टर उदारमतवादी होते. कुणी विचारलं तर ते तसं सांगत, आणि न विचारलं तरी सांगत. राज्यघटनेची कलमं त्यांना दाढांच्या मुळांइतकी पाठ होती. देशाच्या अर्थमंत्र्याचं काय चुकतंय हे ते अक्कलदाढ काढता काढता समजावून देत. फक्त आपल्या वॉर्डात उभं कोण आहे, याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. चिन्ह बघायचं आणि बटण दाबायचं, एवढाच त्यांचा स्थानिक राजकारणाशी संबंध.

नगरपालिकेच्या प्रचाराचा तो शेवटचा दिवस. दुपारी साडेतीनला दवाखाना रिकामा होता. सिस्टर आतल्या खोलीत हत्यारं निर्जंतुक करायला लावत होत्या. सिस्टर सत्ताधाऱ्यांच्या मतदार. वीस वर्षं दोघं एकाच पेशंटच्या तोंडात वाकून भांडत आले होते. तेवढ्यात एक गृहस्थ गालाला मफलर गुंडाळून आत आले. गाल चांगलाच सुजला होता.

"डॉक्टर, फार ठणकतंय हो. जरा पटकन बघा, मला सहाच्या आत..."

"नावगाव नंतर. आधी तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले.

गृहस्थांनी तोंड उघडलं आणि तिथेच त्यांची बाजू पडली. उजवी खालची दाढ आतून सडली होती. डॉक्टरांनी उजव्या बाजूला भुलीचं इंजेक्शन दिलं, कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी ओठात अडकवली आणि खुर्ची मागे झुकवली.

"आता पाच मिनिटं शांत पडा," ते म्हणाले, आणि स्वतः सुरू झाले. "उद्या मतदान. तुम्ही करता ना? करा. मी दर वेळी करतो आणि दर वेळी पस्तावतो. वरचं सरकार म्हणजे तुम्हाला माहितीये, एकाच तोंडाचं. बाकी सगळे कान. पण आमची माणसं तरी काय दिवे लावतायत? आता आमच्याच वॉर्डाचं घ्या. आमच्या पक्षाचा नगरसेवक पाच वर्षांपूर्वी निवडून आला तो आलाच. पुन्हा दिसला नाही. नाल्यावरच्या पुलाचं तीनदा उद्घाटन केलं म्हणे. तीनदा! पूल अजून एकदाही झालेला नाही."

"आं! आंआं!" गृहस्थ म्हणाले.

"दुखतंय? बधिर झालं नाही वाटतं." डॉक्टरांनी उजव्या बाजूला आणखी थोडी भूल दिली. "आणि पुन्हा उभा आहे तोच! लाज म्हणून नाही. आता मी मत देणार त्यालाच, सांगतो ना. नाक दाबून. दुसरं कोण आहे? म्हणजे बघा, ह्यांना पक्कं ठाऊक आहे की आमच्यासारखे लोक जातील कुठे!"

गृहस्थांचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात उचलला आणि डावीकडच्या खिडकीकडे जोरजोरात बोट दाखवायला सुरुवात केली. खिडकीबाहेर विजेच्या खांबावर एक पोस्टर लावलेलं होतं. गेला महिनाभर डॉक्टरांच्या समोर ते होतं. पण डॉक्टर माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, दातांवरून ओळखत. आणि पोस्टरवर उमेदवारानं तोंड मिटलेलं होतं.

"डावीकडेपण?" डॉक्टरांनी आरसा आत घालून पाहिलं. डावी दाढही काही फार सरळ नव्हती. "एकाच वेळी दोन्ही बाजूंना शक्यतो मी देत नाही. पण तुम्ही एवढं हातवारे करून सांगताय म्हणजे सोसवत नसणार."

गृहस्थ जोरजोरात मान हलवू लागले. डॉक्टरांनी डोकं एका हातानं दाबून धरलं आणि डाव्या बाजूलाही इंजेक्शन दिलं. मग दाढ उघडली, आतला दाब मोकळा केला, औषध भरलं, आणि हे सगळं चाललं असताना पक्षातली घराणेशाही या विषयावर सविस्तर बोलले. गृहस्थ आता गप्प होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पाणी बऱ्याच पेशंटच्या डोळ्यांतून येतं, म्हणून डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

पावणेपाचला दोन दारं एकदम उघडली. बाहेरच्या दारातून हातात कागदांची चळत घेतलेला एक घामाघूम माणूस आत शिरला. "साहेब, झालं का? पटांगण भरलंय!" आणि आतल्या दारातून सिस्टर ट्रे घेऊन आल्या, खुर्चीकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "हे तर तुमचेच!"

"आमचे कोण?"

सिस्टरनी हनुवटीनं खिडकी दाखवली. डॉक्टरांनी पोस्टर पाहिलं, खुर्ची पाहिली, पुन्हा पोस्टर पाहिलं. मग त्यांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला, तो खणकन वाजला.

उमेदवार उठून बसले. त्यांचा खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता आणि जीभ तोंडात कुणीतरी विसरून गेल्यासारखी पडली होती. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला.

"फाआ फाफफा फफा आए. फोठे नेफे येफायफ."

घामाघूम माणूस हबकला. तो उमेदवारांचा चिटणीस होता. "साहेब काय म्हणतायत?"

"सहा वाजता सभा आहे. मोठे नेते येतायत," डॉक्टर खालमानेनं म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं लोक माझ्याशी याच भाषेत बोलतात हो."

"मग मघाशी का नाही कळलं?" सिस्टरनी विचारलं.

"मघाशी मी बोलत होतो," डॉक्टर म्हणाले.

भूल किती वाजेपर्यंत राहील, या प्रश्नाचं उत्तर साडेसात असं होतं. उतरवायचा काही उपाय? नाही. गरम पाणी? भाजेल, आणि भाजलेलं कळणारही नाही. चिटणीस मटकन खाली बसला. गेल्या खेपेला ही जागा एकशे नव्वद मतांनी आली होती. दिवसभर समोरचे भोंग्यावरून ओरडत होते, की हे साहेब सभेला तोंड दाखवत नाहीत. आता साहेब तोंड दाखवणार, तर ते असं. प्यायलेत म्हणतील! डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. ज्या पक्षाला त्यांनी आयुष्यभर मत दिलं, त्याला त्यांनी एका दुपारी, स्वतःच्या हातानं, दोन्ही बाजूंनी बधिर करून टाकलं होतं.

"सिस्टर, तुम्ही तर खूश असाल," ते पुटपुटले.

"मी पक्षाच्या विरोधात आहे, पेशंटच्या नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी उमेदवारांच्या हनुवटीवरची लाळ कापसानं टिपली. "यांचं बोलणं तुम्हाला कळतंय. मग तुम्हीच जा ना बरोबर. ते बोलतील, तुम्ही सांगा."

चिटणीस उभा राहिला. त्याच्या तोंडावर जे आलं ते जवळजवळ हसू होतं.

शाळेच्या पटांगणात सहाला डॉक्टर पांढऱ्या कोटासकट स्टेजवर उभे होते. कोट काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चिटणिसानं माइकवर जाहीर केलं, की साहेबांच्या दाढेवर आत्ताच शस्त्रक्रिया झाली आहे, तरीही ते जनतेसाठी थेट खुर्चीतून उठून आले आहेत. टाळ्या पडल्या. मोठे नेते मागच्या सोफ्यावर घड्याळ बघत होते.

उमेदवारांनी लिहून आणलेलं भाषण सुरू केलं. "फंढू आणि फगिनींनो."

"बंधू आणि भगिनींनो," डॉक्टर म्हणाले.

पहिली तीन मिनिटं ठीक गेली. देश, विकास, संधी, आव्हान. डॉक्टर सांगत होते आणि लोक जांभया देत होते. मग उमेदवारांनी कागद घडी करून खिशात घातला, डॉक्टरांकडे एक नजर टाकली आणि वेगळंच काहीतरी म्हणाले.

डॉक्टर माइक सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

"फांगा ना!" उमेदवारांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"साहेब म्हणतायत," डॉक्टर म्हणाले, "की गेली पाच वर्षं मी... म्हणजे ते... दिसले नाहीत. हे खरं आहे."

जांभया थांबल्या.

"फुआचं उभ्घाटन फीनभा केअं."

"पुलाचं उद्घाटन तीनदा केलं. पूल एकदाही झाला नाही. हे आज दुपारी मला एका माणसानं तोंडावर सांगितलं. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि मग सगळं पटांगण हसलं. शिट्या, टाळ्या. उमेदवार लाळ पुसत पुढे बोलत राहिले. पूल का अडला, कुणाची सही कुठे अडकली, आपण कसे कंटाळून घरी बसलो, आणि त्याची लाज कशी वाटते. डॉक्टर शब्दाला शब्द सांगत होते. त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या पक्षाच्या माणसाचं एवढं लांब बोलणं आपण आयुष्यात पहिल्यांदाच नीट ऐकतो आहोत.

शेवटी उमेदवार म्हणाले, "फूल फर्षभरात होईल. एफढंच."

"पूल वर्षभरात होईल," डॉक्टर म्हणाले. आणि तिथे त्यांचं काय बिनसलं, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. समोर हजार-दीड हजार माणसं होती. त्यांचे कान डॉक्टरांच्या तोंडाकडे लागलेले होते. आणि उमेदवार काय म्हणाले ते जगात फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं. "आणि... आणि सार्वजनिक वाचनालय यापुढे रविवारीही उघडं राहील!"

टाळ्या कडाडल्या. उमेदवारांनी गर्रकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी "आं?" असं मोठ्यानं म्हटलं.

"नक्की राहील!" डॉक्टरांनी तेही सांगून टाकलं.

त्यानंतर मोठे नेते एक तास वीस मिनिटं बोलले. ते बोलून खाली बसले तेव्हा पटांगणात पक्षाचे कार्यकर्ते आणि खुर्च्या भाड्यानं देणारा उरले होते.

मधले तीन दिवस डॉक्टरांना अन्न गोड लागलं नाही. आपण जन्मभर ज्यांना खोटारडे म्हटलं, त्यांच्यातलाच एक आपल्या कोटात निघाला, हे त्यांना पचत नव्हतं. ज्या दिवशी मतमोजणी झाली, त्या दिवशी त्यांनी एका पेशंटची शाबूत दाढ ठोकून पाहिली आणि "दुखतंय?" म्हणून चारदा विचारलं. अकरा वाजता फोन वाजला. चिटणीस होता. सहाशे बारा मतांनी!

डॉक्टर स्टुलावर बसले. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेला होता. "आणि ते वाचनालयाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"साहेब म्हणाले, लोक आताच विचारायला लागलेत, उघडावंच लागेल. तुमच्यावर रागावलेत, पण फार नाही. एक खासगीत विचारू का, डॉक्टर? पुढच्या महिन्यात शेजारच्या शहरात मतदान आहे. आमचे मोठे नेते तिथे बोलणार आहेत. त्यांची दाढ तशी दुखत नाहीये. पण काही करता येईल का?"

"निरोगी दाताला मी हात लावत नाही," डॉक्टर म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी खो खो हसले.

फोन ठेवून ते वळले तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या.

"आले म्हणा निवडून," त्या म्हणाल्या.

"आले."

"मीपण होते त्या दिवशी सभेला. मागे उभी होते." सिस्टर ट्रेमधली हत्यारं ओळीनं लावत होत्या. "वीस वर्षं तीच भाषा ऐकतेय ना मी पण, कापसातून. वाचनालयाचं तुमचे उमेदवार काही बोलले नव्हते."

डॉक्टरांचा हातमोजा अर्धाच चढला होता, तो तसाच राहिला. "सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही... तुमच्या लोकांना सांगितलंत?"

"कशाला सांगू? रविवारी मलापण सुट्टी असते."

डॉक्टरांनी इतका लांब श्वास सोडला, की तोंडावरचा मास्क फुगला. सिस्टरनी शेवटचा चिमटा जागेवर ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला निघाल्या. दारापाशी त्या वळल्या.

"पण डॉक्टर, एवढं घालतच होतात, तर आमच्या बसथांब्याचं छप्परही घालायचं होतं ना त्यात!"