चरबी लावलेला ग्लव्ह

"मावशी, माझ्या ग्लव्हला तू काय लावलंस?"

"चरबी," क्रुसितामावशी चुलीपाशी बसूनच म्हणाली. "काल पावसात भिजून सुकटासारखा कडक झाला होता मेला. चामडं म्हणजे कातडंच ना? कातड्याला चरबीच लागते."

तिला कुणी काही बोलायची सोय नव्हती. डुकराचं कातडं तळून विकण्यातच तिची हयात गेली होती. ग्लव्ह लोण्यासारखा मऊही झाला होता. फक्त चरबी कालच्या कढईतली होती, लसणासकट.

एलिहियोने कपाळावर हात मारला. त्या रविवारी साखर कारखान्याच्या मैदानावर मोरोन्तासाहेब येणार होते. अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांसाठी पोरं हेरणारा माणूस. एलिहियो उजव्या कोपऱ्यात, अगदी उसाच्या कडेला उभा राहून उंच चेंडू झेलायचा, आणि त्याच्यासारखा झेलणारा पंचक्रोशीत नाही, असं सगळे म्हणत. पण मोरोन्तासाहेबांनी मान हलवली नाही, तर बापाच्या नि भावांच्या मागोमाग तोही ऊस तोडायला जाणार होता. त्याचा कोयता बापाने आणूनही ठेवला होता.

त्याने ग्लव्ह साबणाने घासला. वास गेला नाही. मग मावशीनेच युक्ती सांगितली, "लिंबू चोळ. लिंबाने सगळे वास मरतात."

लिंबू चोळून त्याने ग्लव्ह नाकाशी धरला. मीठ, लसूण, चरबी, वर लिंबू.

"मावशी, आता तर हा नुसता तळायचा राहिलाय!"

"मग चांगलंच आहे की!" मावशी म्हणाली. "पळ आता, उशीर होतोय."

मैदानापर्यंत एक पिवळा कुत्रा त्याच्या मागे आला. सामना सुरू झाला तेव्हा तीन होते. थोड्या वेळाने सहा जण त्याच्याभोवती गोल करून, जिभा बाहेर काढून, शिस्तीत बसले होते. कप्तान बिएन्वेनिदो तिकडून ओरडला, "एलिहियो, वरात घेऊन आलायस काय रे? हाकल त्यांना!"

"हाकलतोय! जात नाहीत!"

"मग त्यांना तरी झेलायला शिकव!"

लोक खो खो हसले. मोरोन्तासाहेब हसले नाहीत. गवती टोपीखालून नुसते बघत राहिले. एलिहियोचे कान तापले.

तेवढ्यात बॅटचा ठण्ण आवाज आला. चेंडू त्याच्या डोक्यावरून उसाच्या दिशेने निघाला. एलिहियो पळाला, आणि आपलं जेवण पळतंय असं समजून सहाही कुत्री त्याच्या मागे पळाली. पिवळ्याने उडी मारून ग्लव्हचा अंगठाच धरला. एलिहियोने मान वरच ठेवून हाताला हिसडा दिला, ग्लव्ह सुटून उसात गेला, त्याच्यामागे कुत्री गेली, आणि याने रिकाम्या हातांनी, पाठमोरा असताना, चेंडू झेलला.

मैदान उसळलं. कप्तानाने टोपी उडवली.

सामना संपल्यावर मोरोन्तासाहेब जवळ आले. खिशातून घड्याळ काढून म्हणाले, "पुन्हा पळून दाखव."

एलिहियो पळाला. साहेबांनी घड्याळ झटकलं, कानाला लावलं. "पुन्हा."

तो पुन्हा पळाला, जीव तोडून. साहेबांचा चेहरा आणखी पडला. एलिहियो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, खरं सांगतो. मघाशी मी घाबरून पळत होतो. एवढा काही मी वेगवान नाही."

"मला डोळे आहेत," साहेब म्हणाले. "पायांना कुत्र्यांनी पळवलं. पण डोळे? सहा कुत्री टाचेशी होती, तरी तू एकदाही खाली बघितलं नाहीस. अरे, तिकडचे प्रेक्षक यापेक्षा जास्त चावतात. सामान बांध."

संध्याकाळी बातमी ऐकून मावशी तोऱ्यात सगळ्यांना सांगत सुटली की, पोराचं नशीब तिच्या चरबीने उघडलं. एलिहियो तेवढ्यात उसात जाऊन आला. ग्लव्हची एक चघळलेली वादी तेवढी हाती लागली होती. ती त्याने मावशीपुढे धरली.

तिने वादी हातात घेतली, उलटसुलट केली.

"परत कधी येशील रे?" तिने विचारलं.

त्यानंतरच्या पुष्कळ वर्षांत एलिहियोने पुष्कळ अवघड चेंडू झेलले. त्या संध्याकाळी मात्र तो नुसता चुलीपाशी बसला, आणि मावशीने वाढलं ते सगळं खात राहिला.